नवी गाडी, बाहेरचे फिटिंग आणि वॉरंटी : वायर कापण्याआधी एवढे वाचा

नवी गाडी दारात उभी राहिली की मिठाई वाटली जाते, शेजारीपाजारी मुबारकबाद द्यायला येतात. मग दोन-चार दिवसांत घरातली तरुण मुले गाडी घेऊन ॲक्सेसरीजच्या दुकानात जातात. जास्त पॉवरचे लाइट, मोठे स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा, रुंद टायर. शौक वाईट नाही. पण हे काम कसे होते, त्यावर वॉरंटी टिकणार की नाही हे ठरते.

आमच्या ओळखीच्या एका घरात हेच घडले. कित्येक वर्षांच्या बचतीतून गाडी घेतली, बाहेरून हेडलाइट आणि हॉर्न बसवले. आठ महिन्यांनी भर पावसात गाडी रस्त्यात बंद पडली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बोनेट उघडून कापून जोडलेली वायर दाखवली आणि सांगितले, "तुमची वॉरंटी गेली." वायरिंगचा खर्च तर आलाच, पण सस्पेन्शनचा आवाज येत होता, तेही काम वॉरंटीत करायला नकार दिला. घरच्यांनी मुकाट्याने पैसे भरले.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात. वॉरंटी म्हणजे कारखान्यातून आलेल्या दोषाची कंपनीने घेतलेली जबाबदारी. बाहेरच्या कामामुळे झालेले नुकसान तिच्यात बसत नाही. त्यामुळे कापलेल्या वायरीमुळे वायरिंग जळले, तर कंपनीचा नकार रास्त आहे. पण लाइट बदलल्याने सस्पेन्शन कसे बिघडेल? दोन्हींचा संबंध काय, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. मात्र प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या असतात. म्हणून गाडीसोबत मिळालेले वॉरंटीचे पुस्तक, त्यातही 'काय समाविष्ट नाही' हे पान, फिटिंगच्या आधी वाचावे, नंतर नाही.

कोणत्या कामात किती धोका?

सीट कव्हर, मॅट, मोबाईल होल्डर यांचा इंजिनाशी संबंध येत नाही. पण सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर साधे कव्हर घालू नका. ते एअरबॅगला अडवू शकते.

लाइट, हॉर्न, म्युझिक सिस्टीम : मूळ हेडलाइटचा हॅलोजन बल्ब साधारण ५५-६० वॅटचा असतो. तिथे ९०-१०० वॅटचा बसवला की वायर आणि होल्डर तापतात. कपलरने जोडता येणारी वस्तू घ्या. वायर कापावी लागेल असे कारागीर म्हणाला, तर तिथेच थांबा.

सीएनजी किट : सर्वात मोठा प्रश्न हाच. सीएनजीने व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटची झीज वाढते, म्हणून कंपनीच्या सीएनजी मॉडेलमध्ये हे भाग वेगळे असतात. पेट्रोल गाडीला बाहेरून किट बसवले, तर इंजिनाची वॉरंटी हातची जाण्याची शक्यता खूप असते. गाडी वॉरंटीत असेल आणि सीएनजीच हवा असेल, तर घेतानाच कंपनीची सीएनजी गाडी घेणे बरे. तरीही बाहेरून बसवलेच, तर मंजूर किट घ्या, आरटीओत आरसीवर नोंद करा आणि विमा कंपनीला कळवा. सिलिंडरची तपासणी दर ३ वर्षांनी करावी लागते.

ईसीयू ट्यूनिंग, रुंद टायर : ट्यूनिंगने इंजिन आणि गिअरबॉक्सवर ताण येतो. टायरचा आकार वाढवला की बेअरिंग, स्टिअरिंग, सस्पेन्शनच्या तक्रारीत कंपनी बोट तिकडेच दाखवते.

वॉरंटीपलीकडे कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत. बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

नकार मिळाला तर?

तोंडी उत्तरावर परत येऊ नका. जॉब कार्डवर नकाराचे कारण लिहून मागा, फोटो काढा, कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तरीही काम झाले नाही, तर २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेऊ शकतो.

एक सल्ला मात्र ऐकू नका : "सर्व्हिसिंगच्या आधी सगळे काढून ठेवा, कुणाला कळणार नाही." कापलेली वायर लपत नाही. आणि लपली तरी ऐब लपवून केलेला व्यवहार आपल्या दीनमध्ये जायज नाही. पुढे गाडी विकताना घेणाऱ्यालाही काय बदलले ते सांगावे.

आपल्या समाजात गॅरेज, ऑटो इलेक्ट्रिक आणि ॲक्सेसरीजचा धंदा करणारे भाऊ पुष्कळ आहेत. त्यांनाही विनंती : काम हातात घेण्याआधी गिऱ्हाईकाला विचारा, "गाडी वॉरंटीत आहे का?" आणि कामाचे पक्के बिल द्या. एखादे काम कमी होईल, पण भरवसा राहील. हलालच्या कमाईत बरकत त्यानेच येते.