नाईक यशवंत घाडगे

रोहिणखेड हे घाटाच्या पायथ्याचे गाव. दक्षिणेतून खानदेशाकडे जाणाऱ्या फौजांच्या वाटेवरचे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथे बुऱ्हाण निजामशहा आणि जमालखान यांची लढाई झाली व तीत जमालखान मारला गेला, एवढे इतिहास सांगतो. त्या दिवशी पडलेल्या शिपायांपैकी एकाचेही नाव तो आपणांस सांगत नाही. म्हणूनच एखाद्या साध्या नाइकाचे नाव जेव्हा मागे उरते, तेव्हा ते कसे उरले हे पाहावेसे आम्हांस वाटते.

यशवंत घाडगे यांचा जन्म १९२१ साली माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. त्या वेळचा हा कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होते. नाईक म्हणजे आठ-दहा जवानांच्या तुकडीचा म्होरक्या. अधिकार थोडा, पण सर्वांच्या पुढे चालावयाचे ते यानेच.

४ जून १९४४ रोजी रोम दोस्तांच्या हाती आले आणि जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले. हटताना ते प्रत्येक टेकडीवर मशिनगन ठेवून वाट अडवीत होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ही वाट मोकळी करण्याचे काम दहाव्या हिंदी डिव्हिजनकडे होते, व घाडगे यांची पलटण तीत होती.

१० जुलै रोजी त्यांची तुकडी अगदी जवळून मशिनगनच्या माऱ्यात सापडली. क्षणात सारे जवान ठार वा जखमी झाले. उभे राहिले एकटे घाडगे. ते टॉमीगन झाडीत सरळ मोर्चावर धावून गेले. त्यांनी टाकलेल्या हातबॉम्बने मशिनगन व ती चालविणारा, दोन्ही निकामी झाले. आणखी एकास त्यांनी गोळी घातली. आता काडतुसांची पेटी रिकामी झाली. टॉमीगन मिनिटास सहाशेच्या वर गोळ्या सोडते आणि पेटीत असतात वीस किंवा तीस. म्हणजे दोन-तीन सेकंदांचा हिशेब! दुसरी पेटी चढविण्यास अवधी नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. लागलीच दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस.

समोर मारले गेले तेही कोणाचे मुलगेच होते. त्यांची नावे सन्मानपत्रात नाहीत.

येथे आपल्यापैकी कोणी विचारील, हे युद्ध आपले होते काय? प्रश्न रास्त आहे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाईसरॉय लिनलिथगो यांनी येथील लोकप्रतिनिधींना न विचारताच हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. घाडगे पडले तेव्हा बेचाळीसच्या चळवळीतील कितीतरी पुढारी तुरुंगात होते. तरीही पंचवीस लाखांच्या आसपास हिंदी माणसे त्या फौजेत होती, आणि ती सक्तीने धरून आणलेली नव्हती. कोणास घरची ओढगस्त घेऊन गेली, कोणास घराण्यातील चाकरीची रीत. हे लढले हिटलरच्या सैन्याशी, इटलीच्या खेड्यांतून. साम्राज्याचा निर्णय साम्राज्याच्या खाती टाकावा; शिपायाचे शौर्य त्या खाती टाकणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

२ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. तो त्यांच्या पत्नीस स्वीकारावा लागला. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी याच रेजिमेंटच्या नामदेव जाधव यांनीही तो मिळविला. तेही १९२१ सालचेच. पण ते परत आले आणि १९८४ पर्यंत जगले.

घाडगे यांची कबर वा समाधी कोठेही नाही. कॅसिनो येथील स्मारकावर, ज्यांच्या अंत्यस्थानाचा पत्ता नाही अशा चार हजारांवर सैनिकांत, त्यांचे नाव आहे. माणगावास तहसील कचेरीजवळ त्यांचा पुतळा आहे. आणि २०२३ च्या जुलैत, ज्या खोऱ्यात ते पडले तेथील मोंतोने या गावच्या लोकांनी त्यांच्या नावे एक सूर्यघड्याळ उभारले. त्यावर लॅटिनमध्ये कोरले आहे की, सारे एकाच सूर्याखाली आहेत.