शॉकअप गळतंय? आधी पाइपकडे बघा

पावसाळा सरला की पुढचं चाक काढून ठेवलेल्या मोटारसायकली नवी मुंबईतल्या गॅरेजांसमोर जास्त दिसू लागतात. तक्रार ठरलेली असते: पुढचे शॉकअप लीक झाले. सील बदलली जाते, गाडी घरी येते आणि काही महिन्यांत पाइपवर पुन्हा तेल दिसतं. मग ‘त्यानं लोकल सील टाकली’ असा ठपका. कधी तो खराही असतो. पण नवी सील इतक्या लवकर गेली, तर संशय आधी पाइपवर घ्यावा.

पुढच्या शॉकअपमध्ये, म्हणजे फोर्कमध्ये, वरचा चकचकीत पाइप खालच्या जाड नळकांड्यात वर-खाली होतो, आत स्प्रिंग आणि तेल असतं. असा तेलावर चालणारा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली विक्रीच्या गाड्यांवर आणला, आणि आज आपल्याकडे वाळूजच्या एन्ड्युरन्ससारख्या कंपन्या बनवतात ते साधे फोर्कही मुळात त्याच तत्त्वावर चालतात. सीलचं काम इतकंच, की पाइप वर येताना त्याच्यावरचं तेल पुसून आत ठेवायचं. त्यासाठी रबराची एक बारीक कड पाइपला सतत टेकलेली असते. तेलाचा अगदी पातळ थर पाइपवर राहतोच, तो असायलाही हवा. त्यामुळे पाइप जरा ओलसर दिसला म्हणजे सील गेली असं नाही. पाइप पुसा, गाडी फिरवून आणा. तेलाचं ठळक कडं उमटलं किंवा ओघळ खाली उतरला, तर ती गळती.

आपल्याकडचा सगळ्यात लाडका समज म्हणजे ‘खाडीची खारी हवा सील खाते’. सीलचं नायट्राइल रबर मिठाला फारशी दाद देत नाही. खारी हवा खाते ती पाइपला. क्रोमच्या मुलाम्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात, शिवाय उरणच्या बाजूला डंपरच्या चाकांतून उडणारी खडी पाइपच्या पुढच्या अंगाचे टवके उडवते. तिथून दमट, खारट हवा आतल्या पोलादापर्यंत पोचते आणि गंजाचा टाचणीच्या टोकाएवढा खड्डा तयार होतो. त्याची कड गाडी दबली की प्रत्येक वेळी सीलला ओरखडते. अशा पाइपवर कितीही भारी सील बसवा, ती फाटणारच.

तपासायला हत्यार लागत नाही. पाइप स्वच्छ पुसून नख वरून खाली आणि गोल फिरवा. अडकलं, तर दोष सापडला. मात्र प्रत्येक डाग घातक नसतो. पाइपला एक केबल टाय सैलसर बांधून सीलवर टेकवा आणि नेहमीच्या रस्त्यानं एक फेरी मारा. टाय जिथवर सरकला, साधारण तिथवर सील फिरते. त्याच्या बऱ्याच वर, हँडलजवळ गंज असेल तर दिसायला वाईट एवढंच. सीलच्या वाटेवर नुसती कड वर आली असेल, तर १२०० किंवा त्याहून बारीक नंबरच्या वॉटर पेपरनं तेवढीच हलक्या हातानं घासावी. खोल खड्डे असतील, तर नवा पाइप घ्या किंवा हार्ड क्रोम करून आणा.

गळती दिसली म्हणजे सगळं खोलायलाच हवं, हेही खरं नाही. पुष्कळदा सीलच्या कडेखाली वाळूचा कण अडकलेला असतो. वरची डस्ट सील अलगद उचलून पाइपवर सरकवा. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापा, कडा घासून गुळगुळीत करा, टोकाला छोटा आकडा ठेवा, तेल लावून सीलच्या कडेत घाला आणि गोल फिरवून बाहेर ओढा. काळा गाळ निघतो. गळती थांबली तर सीलचा खर्च वाचला. सर्व्हिसिंगमधला पाण्याचा जोरदार फवारा थेट डस्ट सीलवर मारला की हाच गाळ आत जातो, एवढं धुणाऱ्याला सांगून ठेवा.

‘खड्ड्यात आपटली आणि सील फुटली’ हे अर्धसत्य आहे. सायन-पनवेल महामार्गावरच्या एखाद्या खड्ड्यानं सील फुटत नाही, पाइप वाकू शकतो. मग सील एकाच बाजूनं झिजते. पाइप बाहेर काढल्यावर सपाट काचेवर लोळवा, वाकलेला असेल तर लगेच कळतं.

जाड तेल टाकलं की गळती थांबते? नाही. फोर्क कडक होतो आणि खड्डे हाताला लागतात. जास्त तेल भरणं तर त्याहून वाईट. तेलाच्या वर जी हवेची जागा असते, ती कमी झाली की फोर्क दबताना आतला दाब वाढतो आणि सीलवरच येतो. इंजिन ऑइलही नको. ब्रेक फ्लुइड तर चुकूनही नको, या रबराला ते फुगवून निकामी करतं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं तेल, मापून, दोन्ही बाजूंना सारखं. सील एका बाजूची गेली असली तरी दोन्ही बदलाव्यात, एका बाजूला जुनं पातळ झालेलं तेल ठेवण्यात अर्थ नाही.

‘थोडं गळतं, चालतंय’ म्हणणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे. ओघळ डिस्कवर उतरला की ब्रेक पॅड तेल पितात आणि ऐन वेळी गाडी थांबत नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, तेलकट पॅडला पकड देत नाही. तेल प्यायलेले पॅड पुसून वापरू नका, बदला.

सील बदलण्याचं काम घरी होतं का? साध्या टेलिस्कोपिक फोर्कचं होतं, सोसायटीच्या पार्किंगमध्येही. पुढचं चाक अधांतरी राहील असा भक्कम आधार हवा, नुसता साइड स्टँड नव्हे. कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नये, दोरीनं बांधावा. वरच्या टोपणाखाली दबलेली स्प्रिंग असते, म्हणून शेवटचे आटे सोडताना तोंड बाजूला आणि हाताचा दाब वरून. तळाचा ॲलन बोल्ट पुष्कळदा आतल्या दांड्यासकट गरगर फिरतो. तो गॅरेजात इम्पॅक्ट गननं सैल करून आणण्यात कमीपणा नाही. लॉक काढून जुनी सील उचकताना नळकांड्याच्या आतल्या भिंतीला ओरखडा पडू देऊ नका. नवी सील बसवताना बारीक स्प्रिंगची बाजू खाली, तेलाकडे. पाइपच्या टोकावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून तेल लावा, म्हणजे सीलची कड कापत नाही. ठोकायला हातोडी-पेचकस नको, मापाचा पीव्हीसी पाइप घ्या. अपसाइड डाउन फोर्क असेल, तर रचना वेगळी आणि हत्यारंही खास लागतात, ते सरळ जाणत्याकडे द्या.

काढलेलं काळं तेल गटारात ओतू नका, गटार शेवटी खाडीला मिळतं. बाटलीत भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. आणि निघण्याआधी पुढचा ब्रेक लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबत राहा. चाक काढता-बसवताना पॅड मागे सरकलेले असतात, पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही.