दोन वर्षांच्या गावात पाच वर्षं

अहमदाबादच्या आयआयएमचं नाव निघालं की आपल्या घरांत पहिला प्रश्न पगाराचा येतो. तिथून एमबीए झालेल्या मुलांना किती लाखांच्या नोकऱ्या लागल्या हे दरवर्षी छापून येतं, आणि ते वाचून कुणाचा तरी मुलगा ‘कॅट’च्या क्लासला घातला जातो. त्याच वस्त्रापूरच्या आवारात, वास्तुकार लुई कानने आखलेल्या त्याच विटांच्या कमानींखाली, १९७१ पासून आणखी एक अभ्यासक्रम चालू आहे. त्याच्या बातम्या होत नाहीत. तो चार-पाच वर्षं चालतो, त्याला फी नसते, उलट दरमहा विद्यावेतन मिळतं, आणि तो पुरा करणारा बहुतेक वेळा मास्तर होतो.

संस्था १९६१ सालची. पश्चिम भारतातली ही व्यवस्थापनसंस्था आधी मुंबईत व्हावी असं घाटत होतं. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांनी ती आपल्या गावी ओढून नेली. (मुंबईने त्याची फारशी हळहळ केल्याचं दिसत नाही, हे मुंबईला शोभूनच आहे.) हार्वर्डशी करार झाला, केस पद्धत आली, १९६४ मध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. पण शिकवायला माणसं कुठून आणायची? सुरुवातीच्या प्राध्यापकांना हार्वर्डला पाठवून तयार करून आणावं लागे. देशात व्यवस्थापनाचे वर्ग वाढत जाणार आणि प्रत्येक मास्तरासाठी बोस्टनचं तिकीट काढत बसणं काही जमणारं नव्हतं. म्हणून रवी मथाई संचालक असतानाच, १९७१ मध्ये, इथला डॉक्टरेटचा अभ्यासक्रम, ‘फेलो प्रोग्रॅम इन मॅनेजमेंट’ (एफपीएम), सुरू झाला, आणि कलकत्त्याच्या आयआयएमचाही त्याच वर्षी.

‘फेलो’ म्हणायचं कारण सरकारी होतं. आयआयएम म्हणजे तेव्हा नोंदणीकृत सोसायटी. तिला पदवी देण्याचा अधिकार नव्हता. त्यामुळे प्रबंध लिहून, बाहेरच्या परीक्षकांपुढे उभं राहून झालं, तरी हाती पीएच.डी. नसायची. भारतीय विद्यापीठ संघ हा किताब समकक्ष मानत असे, पण आस्थापना विभागाच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला ते पटवून देणं हा वेगळा प्रबंध. २०१७ चा आयआयएम कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाला आणि हा घोळ मिटला. आता सरळ पीएच.डी. मिळते. जुनी माणसं मात्र अजून ‘एफपीएम’च म्हणतात.

आता प्रवेशाचं. अर्ज संस्थेकडे करायचा असला तरी निवड खरं तर एकेका शाखेची असते: वित्त, विपणन, अर्थशास्त्र, संघटनात्मक वर्तन, माहिती प्रणाली, व्यूहनीती, सार्वजनिक व्यवस्था, शेती, शिक्षण. शेती आणि शिक्षण ही नावं एमबीएच्या जाहिरातींवर वाढलेल्यांना चकवतात, पण ती या संस्थेच्या जुन्या स्वभावातली आहेत. मथाईंनी संचालकपद स्वतःहून सोडलं, ते साधे प्राध्यापक म्हणून राहिले आणि पुढे राजस्थानातल्या जवाजात विणकर-चर्मकारांबरोबर काम करायला गेले.

पात्रता म्हणून कॅट, जीमॅट किंवा जीआरईचे गुण लागतात. काही शाखांना गेट किंवा यूजीसीची जेआरएफही चालते. इंजिनिअर येतात, सीए येतात, मानसशास्त्र-अर्थशास्त्राचे एमए येतात, दहा वर्षं बँकेत काढून आलेलेही येतात. कागदावरची गाळणी इथवरच. खरी मुलाखतीत होते, आणि तिथे कॅटचे पर्सेंटाइल फारसे कामी येत नाहीत. समोर शाखेचे प्राध्यापक बसलेले असतात आणि त्यांना एवढंच पाहायचं असतं की हा माणूस एका प्रश्नाशी किती वेळ बसू शकेल. ‘तुमच्या विषयातला अलीकडे वाचलेला एखादा शोधनिबंध सांगा’ म्हटल्यावर निम्मे उमेदवार कुठल्या तरी उद्योगपतीच्या चरित्रावर येतात. नोकरी सोडून का येता, या प्रश्नाला ‘शिकवण्याची आवड आहे’ हे उत्तर तर इतक्यांकडून येतं की ते ऐकून कुणाची मान वर होत नाही. नोकरीतच भेटलेलं, न सुटलेलं एखादं कोडं ज्याला सांगता येतं (एकाच कंपनीच्या दोन शाखांत एकीकडे माणसं टिकतात आणि दुसरीकडे का टिकत नाहीत, असं काहीतरी) त्याच्याशी मग पाऊण तास गप्पा होतात.

निवडला गेला म्हणजे आत आला असं मात्र नाही. पहिल्या वर्षी पीएच.डी.च्या मुलांना एमबीएच्याच वर्गात बसवण्याची इथली रीत. शिकवायचं ज्यांना आहे त्यांनी आधी हा वर्ग विद्यार्थी म्हणून सोसावा, असा त्यामागचा हिशेब असावा, आणि मला तो योग्य वाटतो. आवारात पहिल्या वर्षाच्या मुलाला ‘फच्चा’ म्हणतात, दुसऱ्या वर्षाच्याला ‘तुच्चा’. तिशी ओलांडलेला, घरी लहान मूल असलेला संशोधक बावीस वर्षांच्या फच्च्यांच्या अभ्यासगटात रात्री दोनपर्यंत केस सोडवतो, ‘सीपी’साठी, म्हणजे वर्गात बोलून मिळणाऱ्या गुणांसाठी, हात वर करतो, अचानक लागणाऱ्या क्विझला धावतो. ‘वॅक’ नावाच्या लेखी विश्लेषणाची मुदत संपत आली की सगळं वसतिगृह कागद घेऊन धावायचं, ती ‘वॅक रन’ तर इथली दंतकथाच आहे. फरक इतकाच की धावणाऱ्या बाकीच्यांना शेवटी नोकरीची मुलाखत दिसत असते.

दीड-दोन वर्षांत तो वर्ग निघून जातो. दरसाल चारशेच्या आसपास मुलं येतात आणि जातात. त्यांच्या दहाव्या हिश्शालाही न भरणारे हे लोक मागे राहतात. दुसऱ्या वर्षी शाखेचे खास अभ्यासक्रम: चार-पाच जण, एक प्राध्यापक आणि दर आठवड्याला वाचायच्या शोधनिबंधांचा गठ्ठा. त्यानंतर ‘कॉम्प्स’, म्हणजे शाखेची सर्वंकष परीक्षा. माझ्या मते खरा प्रवेश इथे होतो. तोवर दुसऱ्यांनी काय म्हटलं ते सांगता येणं पुरे असतं. इथे ते कुठे अपुरं पडतं हे सांगावं लागतं. नापास झालात तर सहसा आणखी एक संधी. तीही हुकली तर सामान बांधायचं.

पुढे मार्गदर्शक आणि सल्लागार समिती, प्रस्तावाचं सेमिनार, मग प्रबंध. ही वर्षं वर्णनाला कठीण आहेत, कारण त्यात काही घडत नाही. कंपन्या माहिती द्यायचं कबूल करतात आणि देत नाहीत. प्रश्नावल्या अर्ध्या भरून परत येतात. गावी गेल्यावर मामा विचारतात, ‘अजून शिकतोयसच का रे?’ बरोबर पहिलं वर्ष काढलेला फच्चा तोवर कुठल्या तरी कंपनीत मॅनेजर होऊन, सिंगापूरहून फोटो टाकत असतो. मार्गदर्शकाशी सूत जुळलं तर हे सगळं सुसह्य होतं. नाही जुळलं तर वसतिगृहाच्या खोलीत माणूस फार एकटा पडतो, आणि याबद्दल व्यवस्थापनाच्या संस्थांनी, माणसं कशी सांभाळावीत हे जगाला शिकवणाऱ्यांनी, अजून पुरेसं बोललेलं नाही.

शिवाय आता नुसता प्रबंध पुरत नाही. फायनान्शियल टाइम्सची पन्नास नियतकालिकांची यादी, ऑस्ट्रेलियन डीन मंडळाची ‘ए-स्टार’पासून ‘सी’पर्यंतची उतरंड, त्यांत नाव लागायला हवं. संस्थेचं स्वतःचं ‘विकल्प’ १९७६ पासून निघतंय, पण उमेदवाराचा डोळा परदेशी अंकांवर असतो. निबंध पाठवल्यापासून ‘सुधारून पुन्हा पाठवा’ हे उत्तर यायला महिनोन्महिने जातात आणि ते उत्तर आलं तर पेढे वाटावेत अशी स्थिती असते. यातून भारतातल्या किराणा दुकानांबद्दलचा प्रश्न अमेरिकी संपादकाला रुचेल अशा बेताने कापला जातो, ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे.

दाराबाहेर कोण राहतं हा प्रश्नही बराच काळ अंगावर घेतला गेला नव्हता. डॉक्टरेटच्या प्रवेशात आरक्षण नव्हतं, म्हणून प्रकरण गुजरात उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०२५ च्या प्रवेशापासून संस्थेने सरकारी आरक्षणाचे नियम लागू केले. चौपन्न वर्षांनी.

इथून बाहेर पडलेले कुठे जातात? एमबीए आणि फेलो दोन्ही इथूनच झालेले जयंत वर्मा पुढे इथेच प्राध्यापक झाले, आणि २०२० ते २०२४ या काळात रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीत बहुमताविरुद्ध मत नोंदवताना वाचकांनी त्यांचं नाव वाचलं असेल. बाकीच्यांना नव्या संस्था सामावून घेतात, आणि त्या आपल्याकडेही आहेत: २०१५ मध्ये नागपूरची आयआयएम निघाली तेव्हा तिचं पालकत्व अहमदाबादकडेच होतं, आणि पवईची ‘नीटी’ २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. अशा संस्थेत प्राध्यापकाच्या नोकरीसाठी उमेदवाराला दीड तास उभं राहून आपला प्रबंध मांडावा लागतो. दर तीन मिनिटांनी कुणीतरी अडवतं. आकडे, पद्धत, निष्कर्ष सगळं कुरतडून झालं की मागच्या रांगेतले प्राध्यापक विचारतात, ‘हे झालं. पुढचा निबंध कशावर?’