स्कूटरची काच, वारा आणि दोन बोटांचे अंतर

निवृत्तीनंतर आठवड्यातून तीन वेळा सांगलीहून जयसिंगपूरला जावे आणि धाकट्या बंधूंच्या दुकानाचे हिशेब पाहून दिवस मावळता परतावे, असा माझा क्रम आहे. अंतर फार नाही. अंकलीचा कृष्णेवरील पूल आणि उदगाव ओलांडले की जयसिंगपूर येते. वाहन म्हणजे पुढे आखूड काच असलेली १२५ सीसीची स्कूटर. बाजारपेठेत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत दुकान, बँक, मार्केट यार्ड आणि सोयरे-धायरे या साऱ्यांना जोडणारे वाहन अजूनही बहुधा हेच असते.

तक्रार होती ती वाऱ्याची. ताशी चाळीसच्या वेगापर्यंत काही जाणवत नसे. पण पन्नास-पंचावन्नच्या पुढे हेल्मेट थरथरू लागे, कानांत एकसारखी घरघर सुरू होई आणि रात्री मान आखडे. चिरंजीवांनी एके दिवशी स्पष्टच सांगितले, "बाबा, आता स्कूटर पुरे. गाडी आहे, ड्रायव्हर मिळेल." त्याची काळजी खरी होती, परंतु आपल्या सोयीने निघावे आणि आपल्या सोयीने परतावे, एवढी मोकळीक साठीनंतर सहजासहजी सोडवत नाही. म्हणून मी उपाय शोधला तो डिफ्लेक्टरचा, म्हणजेच मूळ काचेच्या वरच्या कडेला जोडावयाच्या, वारा वळवणाऱ्या पारदर्शक पट्टीचा.

ही पट्टी काय करते, हे आधी समजून घेतले पाहिजे. समोरून येणारा वारा काचेवर आदळून वर चढतो आणि कडेपाशी सुटतो. सुटताना तो फाटतो व त्याचे भोवरे होतात. काचेच्या मागे हवेचा दाब कमी असल्याने हे भोवरे आत ओढले जातात आणि नेमके हेल्मेटवर आपटतात. म्हणजे त्रास निव्वळ वाऱ्याचा नसून फाटलेल्या वाऱ्याचा असतो. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग चाळीसवरून साठवर गेला तर दाब दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो. डिफ्लेक्टरची पट्टी मूळ काचेपासून थोडे अंतर राखून बसवतात. त्या फटीतून जाणारी हवा मागचा कमी दाब भरून काढते आणि वरचा प्रवाह बराचसा सरळ होऊन डोक्यावरून निघून जातो. म्हणून ती फट बुजवू नये.

आपला त्रास भोवऱ्यांचाच आहे का, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. मोकळ्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाने जाताना, दोन्ही हात हँडलवरच ठेवून, प्रथम किंचित खाली वाकावे व नंतर पाठ ताठ करून किंचित उंच व्हावे. दोन्ही वेळा घरघर कमी होत असेल, तर आपले डोके भोवऱ्यांच्या थरात आहे असे समजावे. अशा वेळी पट्टीचा उपयोग होतो. ताठ बसूनही आवाज तसाच राहत असेल, तर आधी हेल्मेट सैल आहे का ते पाहावे.

मी हे काही न पाहता सर्वांत उंच पट्टी आणली आणि ती उभी, अगदी वरपर्यंत चढवून बसवली. पहिले पंधरा दिवस समाधानात गेले. कानांतली घरघर थांबली, मान दुखेना. रोज सकाळी कोरड्या फडक्याने पट्टी पुसण्याचा परिपाठही मी मोठ्या निष्ठेने सुरू केला.

उसाचा हंगाम होता. डिसेंबरच्या एका संध्याकाळी सौभाग्यवती मागे बसलेल्या होत्या आणि आम्ही परतत होतो. उदगाव सोडल्यावर समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रखर प्रकाश पट्टीवर पडला आणि सगळी पट्टी दुधासारखी पांढरी झाली. कोरड्या फडक्याने धूळ घासून मीच तिच्यावर शेकडो बारीक चरे उमटवले होते. त्या प्रत्येक चऱ्यावर उजेड फुटला. मी रस्ता पट्टीवरून पाहत नव्हतो, पट्टीतून पाहत होतो. पुढे उसाने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली होती. ती मला दिसली तेव्हा मध्ये दोन-तीन गाड्यांइतकेच अंतर उरले होते. ब्रेक लागला, स्कूटर थोडी सरकली आणि थांबली. मागून शब्द आले, "अहो, दिसली नाही का तुम्हाला?" त्यांना ती बाजूने केव्हाच दिसली होती.

घरी येईपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रींनी मला हेल्मेट घालून नेहमीसारखे बसावयास सांगितले आणि बारा-तेरा पावलांवर जमिनीवर खडूने रेघ मारली. "काका, ही रेघ काचेवरून दिसली पाहिजे, काचेतून नाही," ते म्हणाले. माझी नजर आणि ती रेघ यांच्या सरळ रेषेत जी उंची आली, तिच्याही खाली दोन बोटे त्यांनी चिकटपट्टी लावली. पट्टीची वरची कड तिथपर्यंतच येऊ द्यावयाची. माझ्या बैठकीत ती साधारण हनुवटीच्या पातळीला आली. एवढे माप मी खरेदीपूर्वी घेतले असते, तर उंच पट्टीचे पैसे वाचले असते.

बसवतानाही काही पथ्ये आहेत. भोके न पाडता चिमट्याने धरणारी पट्टी घेणे बरे, कारण ॲक्रिलिकच्या काचेला भोक पाडताना ती तडकू शकते. पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही, पण त्यावर चरे लवकर पडतात. चिमट्यांच्या आत रबराचे तुकडे असावेत. दोन्ही चिमटे मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवून आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. मी जरा जास्त पिळू लागलो तेव्हा मिस्त्रींनी हात धरला, "बास काका, काच सांगून तडकत नाही." नंतर हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहावे. केबल, आरसा वा हेडलाइट यांच्या आड काही येता कामा नये.

पुढची काच हँडललाच जोडलेली असेल, तर अधिक सावध राहावे. तेव्हा पट्टीवर पडणारा बाजूचा वारा थेट हँडल ओढतो, आणि अंकलीसारख्या मोकळ्या पुलावर हे चटकन लक्षात येते. पहिली फेरी कमी वेगाने, एकट्याने आणि दिवसा करावी. उंची किंवा कोन यांपैकी एका वेळी एकच बदलावे. दोन्ही बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. आठवड्याने स्क्रू पुन्हा तपासावेत.

पुसण्यापूर्वी पट्टीवर भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग सौम्य साबण आणि मऊ ओले फडके वापरावे. पेट्रोल, रॉकेल किंवा अमोनियायुक्त द्रव लावू नये. चरे पडून धुरकट झालेली पट्टी सरळ बदलावी. आणि पट्टी कितीही चांगली असली तरी हेल्मेटला ती पर्याय नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार ते आवश्यकच आहे.

आता माझी पट्टी खाली आहे. पंचावन्नच्या वेगाला थोडा वारा खांद्यांना आणि हेल्मेटच्या माथ्याला लागतो, थोडी घरघरही ऐकू येते. पूर्वीच्या निम्मीही नाही, पण आहे. तेवढी मी स्वीकारली, कारण वारा पूर्ण बंद करण्याच्या हट्टापायी मी रस्ताच झाकून घेतला होता. चिरंजीवांनाही सारी हकीकत सांगितली. त्यांनी स्कूटर बंद करा असे म्हटले नाही. मात्र अंधार पडण्यापूर्वी घरी यावे, एवढे वचन घेतले आणि ते मी पाळतो.

ज्या वाचकांच्या घरी अशी पट्टी बसवलेली असेल, त्यांनी येत्या रविवारी हेल्मेट घालून, स्कूटरवर बसून, बारा पावलांवरची रेघ एकदा अवश्य पाहावी.