उन्हांत बसून लिहिण्याजोगा लॅपटॉप

(नभोवाणीवरील भाषण)



लेखणी विकत घेतांना आपण दुकानांतच कागदावर दोन रेघा ओढून पाहतों. छत्री घेतांना ती उघडून पाहतों. परंतु लॅपटॉपसारखी महाग वस्तु घेतांना, जें काम तिच्याकडून करून घ्यावयाचें तें करून पाहण्याचें आपणांस सुचत नाहीं. विक्रेता आंकडे वाचून दाखवितो, आपण मान डोलावितों आणि पेटी घरीं आणतों. ही चूक माझ्या हातून घडली, आणि तिची किंमत केवळ रुपयांत मोजण्यासारखी नव्हती. म्हणून आज या विषयावर चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

माझी थोरली आत्या गांवीं राहत असे. जात्यावरच्या शेंकडों ओव्या तिला मुखोद्गत होत्या. त्या उतरवून घ्याव्या, असें मीं सेवानिवृत्तीनंतर ठरविलें. ध्वनिमुद्रणाचें यंत्र पुढें ठेविलें कीं ती गप्प बसे. माझा हात कांपूं लागल्यामुळें मला कागदावर भरभर लिहवत नाहीं; कळफलकावर मात्र बोटें अजून चालतात. म्हणून लॅपटॉप घेतला. दुकानांतील दिव्यांखालीं त्याचा पडदा आरशासारखा झळकत होता. गांवीं गेल्यावर त्याचा खरोखरच आरसा झाला! आत्या अंगणांत कडुलिंबाखालीं बसून सांगत असे. घरांत बसविलें तर तिला आठवत नसे. मला तर पडद्यावर माझा चेहरा आणि मागचें आभाळ यांखेरीज कांहींच दिसेना. चार दिवसांत जेमतेम पन्नास ओव्या हातीं लागल्या. दुसरें यंत्र घेऊन दिवाळींत पुन्हां यावें, असें ठरवून परतलों. दिवाळीपूर्वींच आत्या गेली.

तेव्हां पहिला विचार पडद्याचा. तो बाहेर आरसा कां होतो? रात्रीं आपल्या खोलींत दिव्याचा प्रकाश फार तर ३०० ते ५०० लक्स असतो. मोकळ्या जागेंतील झाडाच्या सांवलींत तो १०,००० लक्सच्या आसपास जातो, आणि भर उन्हांत लाखाच्या घरांत. कागदास या प्रकाशाचें भय नाहीं. ऊन जितकें अधिक तितका कागद अधिक उजळतो, आणि शाई काळी ती काळीच राहते. लॅपटॉपचा पडदा मात्र स्वतःच्याच दिव्यावर जगतो. त्याचें तेज 'निट' या मापानें सांगतात. सामान्य पडद्याचें तेज २५० ते ३०० निट असतें. आतां दिवसाच्या आभाळाचें तेज ५,००० निट धरलें, आणि गुळगुळीत कांच आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा शेंकडा चार भाग परत फेंकते हें लक्षांत घेतलें, तर नुसतें प्रतिबिंबच २०० निटांचें होतें! पडद्यावरील काळीं अक्षरें त्यांत बुडून जातात. देवनागरीला याची झळ विशेष लागते. प्रथम अनुस्वार दिसेनासा होतो, मग रफार, मग मात्रा. आणि 'चिंता' व 'चिता' यांत भेद राहत नाहीं.

यावर उपाय दोन. एक, पडद्याचें तेज निदान ४०० निट, आणि शक्य तर ५०० निट असावें. दुसरा, पडद्याचा पृष्ठभाग चकचकीत नसून निस्तेज, म्हणजे ज्यास 'मॅट' म्हणतात तसा असावा. त्यावर पडलेला प्रकाश विखुरतो व प्रतिबिंब पुसट होतें. इतकें करूनहि असा पडदा सांवलीपुरताच, हें विसरूं नये. १,००० निटांचीं मजबूत यंत्रें मिळतात, परंतु तीं जड व महाग असतात. बाहेर लिहितांना पांढऱ्या भूमीवर काळीं अक्षरें घ्यावीं व तीं मोठीं करावीं. डोळ्यांवर ध्रुवीकृत कांचांचा काळा चष्मा असेल तर तो काढावा. अशा चष्म्यांतून कित्येक पडदे विशिष्ट कोनांत काळेठिक्कर दिसतात.

वस्तुतः उन्हास शत्रु न मानतां मित्र करण्याची युक्ति जुनी आहे. १९८३ सालीं अमेरिकेंत टँडी कंपनीनें 'टीआरएस-८० मॉडेल १००' हें यंत्र विक्रीस आणलें. त्याच्या पडद्यावर ४० अक्षरांच्या अवघ्या ८ ओळी मावत. पडद्यामागें दिवाच नसल्यामुळें तो बाहेरच्याच प्रकाशावर वाचतां येई, आणि चार पेन्सिल सेलांवर यंत्र सुमारें २० तास चाले. गांवोगांव हिंडणाऱ्या वार्ताहरांस तें फार प्रिय झालें. पुढें २००७ सालीं 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या योजनेंतील हिरवें-पांढरें यंत्र आपल्या रायगड जिल्ह्यांतील खैरात गांवच्या शाळेंतहि आलें. त्याचा दिवा विझविला तरी उन्हांत काळीं-पांढरीं अक्षरें स्पष्ट दिसत. हल्लींच्या ई-शाईच्या पडद्यांतहि हेंच तत्त्व आहे. मात्र ते मंद असतात, आणि बोट चालतें त्या वेगानें अक्षर उमटत नाहीं.

दुसरा विचार बॅटरीचा. जाहिरातींतील तासांवर भिस्त ठेवूं नये. ते बहुधा पडदा मंद ठेवून मोजलेले असतात. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत लिहिलेली असते, ती पाहावी. ५० वॅट-तासांची बॅटरी, साधें लिहितांना ७ वॅट खर्च होत असल्यास सुमारें ७ तास पुरेल. परंतु बाहेर पडदा पूर्ण तेजानें लाविला आणि खर्च १० वॅटांवर गेला, तर ५ तासांतच संपेल. म्हणून 'टाइप-सी' जोडणीवर भारित होणारें यंत्र बरें. त्यास योग्य शक्तीची पॉवर बँक जोडतां येते. वजन सव्वा ते दीड किलोच्या आंत असावें, आणि तें भारित करण्याच्या साधनासह तोलावें.

तिसरा विचार कळफलकाचा. कळ दाबली असतां ती दीडेक मिलिमीटर तरी खालीं जावी. नाहीं तर बोटांस ठाव लागत नाहीं. आपल्याकडील यंत्रांवर बहुधा रोमन अक्षरेंच छापलेलीं असतात, त्यानें बिचकूं नये. 'इन्स्क्रिप्ट' ही देवनागरीची मांडणी १९९१ सालच्या भारतीय मानकांत समाविष्ट झाली, आणि ती सर्व प्रमुख प्रणालींत आयती असते. तींत स्वर डाव्या हातास व व्यंजनें उजव्या हातास येतात. वर्णमाला ज्यास पाठ आहे त्यास ती थोड्या दिवसांत साधते.

उष्णता व धूळ यांविषयीं थोडक्यांत सांगतों. कित्येक उत्पादक भोंवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंशच देतात. आमचा वैशाख चाळिशी ओलांडतो. म्हणून सकाळची वेळ व सांवली साधावी, आणि बंद मोटारींत यंत्र कधींहि ठेवूं नये. ज्यांत पंखा असतो तें यंत्र हवेबरोबर धूळहि आंत ओढतें. बिनपंख्याचीं यंत्रें मिळतात. ॲपलच्या 'मॅकबुक एअर'मध्यें २०२० च्या अखेरीपासून पंखा नाहीं. 'सैनिकी कसोटीस उतरलेला' या शब्दांनीं भुलूं नये. त्या कसोटीचे अनेक भाग आहेत, आणि त्यांतील कोणते घ्यावयाचे हें उत्पादकच ठरवितो. कोणती परीक्षा दिली, तें विचारावें.

राहिला प्रश्न वेगाच्या आंकड्यांचा, ज्यांवर विक्रेता सर्वांत अधिक बोलतो. नुसत्या लेखनास ८ जीबी स्मृति व साधा प्रक्रियक पुरेसा आहे. तेथें वांचलेले पैसे पडद्यावर खर्चावे, हें माझ्या सांगण्याचें सार.

आणि परीक्षा एकच. दुपारीं बारा वाजतां दुकानांत जावें. यंत्र दाराबाहेरच्या सांवलींत न्यावयास सांगावें, मांडीवर घ्यावें, आणि जोडाक्षरांनीं भरलेला एक परिच्छेद लिहून तो वाचून पाहावा. अनुस्वार दिसला तर यंत्र घ्यावें. दुकानदारानें बाहेर नेऊं दिलें नाहीं, तर दुसरें दुकान पाहावें. घरबसल्या मागविणाऱ्यांनीं परत करण्याची मुदत आधीं वाचावी, आणि आलेलें यंत्र त्याच दिवशीं उन्हाकडे न्यावें.

माझ्यापाशीं आतां चांगलें यंत्र आहे. त्यांत पन्नास ओव्या आहेत. उरलेल्या आत्याबरोबर गेल्या. आपल्यापैकीं कोणाच्या अंगणांत असें एखादें वृद्ध माणूस बसलेलें असेल, तर यंत्राची निवड नीट करा, आणि लवकर करा.