रंगाआधीची राखण : स्वयंपाकघरातील कपाटे आणि तेलकट डाग

दिवाळीपूर्वी घराला रंग देण्याची प्रथा महाराष्ट्राप्रमाणे उत्तर भारतातही आहे. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने १६०७ मध्ये वसविल्याचे सांगितले जाणारे आणि फाळणीनंतर निर्वासितांसाठी उभारलेल्या औद्योगिक वसाहतीमुळे वाढलेले फरीदाबादही त्यास अपवाद नाही. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र एक अनुभव हमखास येतो. भिंतींचा रंग टिकतो. ओट्यावरील कपाटांचा रंग काही महिन्यांतच पिवळट होऊन सुटू लागतो. दोष बहुधा रंगाचा नसून त्याखाली राहिलेल्या तेलाचा असतो.

डाग वर का येतो?

फोडणी व तळण यांच्या वाफेबरोबर तेलाचे सूक्ष्म कण उडून कपाटांवर बसतात. उष्णता व हवेतील प्राणवायू यांमुळे त्यांचा चिकट थर तयार होतो आणि त्यात धूळ अडकते. अशा थरावर रंग नीट धरत नाही. शिवाय लाकडात मुरलेले तेल ओल्या रंगातून पुन्हा पृष्ठभागावर येते. म्हणूनच हात कितीही वाढविले तरी डाग झाकला जात नाही.

उपाय आपल्याच मातीतला

यावर उत्तम उपाय म्हणजे लाखेचा लेप. पळस, बोर व कुसुम या वृक्षांवरील कीटकांपासून मिळणाऱ्या लाखेच्या उत्पादनात भारत अग्रेसर असून, झारखंडचा त्यात मोठा वाटा आहे. शुद्ध केलेली लाख ‘चपडा’ या नावाने पापुद्र्यांच्या स्वरूपात मिळते. ती स्पिरिटात विरघळते. स्पिरिट उडून गेल्यावर जो पातळ पडदा उरतो, त्यातून तेल सहसा वर येत नाही.

कामाचा क्रम

१. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून कपाटे पुसावीत. नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून पूर्ण वाळू द्यावीत. सोडा मागे राहिल्यास तो लाखेलाच विरघळवतो, हे लक्षात ठेवावे.

२. पॉलिश पेपरने (येथील रंगारी त्यास ‘रेगमाल’ म्हणतात) पृष्ठभाग हलका खरवडावा. ओल्या कापडाने पुसल्यावर पाणी थेंबाथेंबांनी गोळा झाल्यास तेल शिल्लक आहे असे समजून पुन्हा धुवावे.

३. एक लिटर स्पिरिटात साधारण २०० ते २५० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवावा. भांडे काचेचे वा प्लॅस्टिकचे घ्यावे. लोखंडामुळे द्रावण काळवंडते. तळाशी बसणारे मेण रंगाची पकड कमी करते, म्हणून वरचे निवळ द्रावण वापरावे.

४. पातळ हात द्यावा. तासाभराने डागांच्या जागी दुसरा हात द्यावा. तो वाळल्यावर हलकी घासणी करून प्रायमर व मग ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत.

सावधगिरी

स्पिरिट अत्यंत ज्वालाग्राही आहे. काम सुरू करण्यापूर्वी गॅसचा रेग्युलेटर बंद करावा, देवघरातील दिवा व उदबत्ती विझवावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि वास पूर्ण जाईपर्यंत शेगडी पेटवू नये.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. असा रंग कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, चिखल पुसून घ्यावा आणि मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या काळात दूर ठेवावे.

ऋतूही पाहावा. दमट हवेत लाखेवर पांढुरकी छटा येते. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर आणि जानेवारीतील धुक्याचे दिवस टाळावेत. मे-जूनमध्ये ‘आंधी’ची धूळ ओल्या रंगावर बसते. ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी-मार्च हा काळ सोयीचा.

रंगाऱ्याशी मजुरी ठरविताना धुणे, घासणे व लाखेचा हात या तिन्ही बाबी अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहून घ्याव्यात आणि लाखेचा हात वाळलेला पाहूनच पुढील हप्ता द्यावा. एका दिवसाचे हे काम वाचविण्याच्या मोहात अनेकदा संपूर्ण रंगकामाचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. मजबूत लाकडाची कपाटे केवळ डागांपायी मोडीत काढून नव्या फर्निचरसाठी कर्ज काढण्यापूर्वी, वाचकांनी हा अल्प खर्चाचा उपाय अवश्य करून पाहावा.