परदेशीं जातांना सोबतच्या सामानावरील जकात

आमच्या शाळेंतून बाहेर पडलेले कित्येक विद्यार्थी हल्लीं उच्च शिक्षणासाठीं किंवा नोकरीनिमित्त इंग्लंडला जातात. निघण्यापूर्वीं ते आईबापांसह निरोप घ्यावयास येतात, तेव्हां प्रवेश, व्हिसा, विमानाचें भाडें यांविषयीं त्यांना सर्व माहिती असते. परंतु पेटींत काय भरलें आहे व त्यावर तेथें जकात पडेल काय, असें विचारलें असतां उत्तर बहुधा ऐकीव असतें. कोणी म्हणतो, सर्व कांहीं चालतें. कोणी म्हणतो, चिवडासुद्धां काढून घेतात. या दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हेत. म्हणून ब्रिटनचे नियम उदाहरणादाखल घेऊन हा विषय येथें समजावून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जकात आपल्या लोकांस नवी नाहीं. मुंबईंतील मांडवी हें नांव जकातीच्या ठाण्याचेंच होय. शुभवर्तमानांतील मत्तय हाही जकातनाक्यावर बसणारा होता. मात्र त्या काळीं वसुलीचे मक्ते दिले जात व मक्तेदार ठरल्याहून अधिक उकळीत, त्यामुळें लोक जकातदाराचें तोंड पाहूं इच्छीत नसत. आजचा अधिकारी पगारी नोकर आहे व त्याचे दर छापलेले आहेत, हें आमच्या पालकांनीं आधीं मनांत आणावें. दुसरें उदाहरण आपल्याच इतिहासांतलें. पोर्तुगिजांच्या ताब्यांतील बारदेशांतून स्वस्त मीठ येऊं लागलें, तेव्हां शिवाजी महाराजांनीं १६७१ मध्यें कुडाळच्या सुभ्यास पत्र लिहून त्या मिठावर जबर जकात बसविण्यास सांगितलें. परक्या मालानें आपल्या मीठ पिकविणाऱ्याचा धंदा बुडूं नये, हा त्यांतील हेतु होता. सरकारी तिजोरींत भर पडते ती निराळीच.

हा हेतु ध्यानांत ठेविला म्हणजे ब्रिटनचे नियम बरेचसे आपोआप उलगडतात. घरांत दोन वर्षें वापरलेला, बुडाशीं काळा पडलेला कुकर कोणीं नेला तर लंडनच्या दुकानदाराचें कांहींच बिघडत नाहीं. तोच कुकर नवा, खोक्यांत बांधलेला व संख्येनें चार असला, तर तो प्रवाशाचा संसार कीं व्यापाऱ्याचा माल, असा संशय येणें साहजिक आहे. म्हणून जो मनुष्य आपलें बिऱ्हाडच ब्रिटनमध्यें हलवितो त्याच्या सामानावर जकात माफ होते. पण अटी स्पष्ट आहेत. तो निदान १२ महिने ब्रिटनबाहेर राहिलेला असावा. वस्तु निदान ६ महिने त्याच्या मालकीच्या व वापरांतल्या असाव्यात. आणि माफीनें आणलेली वस्तु पुढें १२ महिने विकूं, भाड्यानें देऊं किंवा गहाण ठेवूं नये. यासाठीं तेथील महसूल खात्याकडे अर्ज करावा लागतो, व तो सामान बोटीवर चढण्यापूर्वीं मंजूर झालेला बरा. मागाहून धांवपळ करणाराचें सामान गोदामांत पडून राहतें व गोदामाचें भाडें चढत जातें. दारू व तंबाखू यांना ही सवलत मुळींच नाहीं.

पूर्ण वेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याला निराळी सवलत आहे. त्याचे कपडे, अंथरूण-पांघरूण, पुस्तकें, संगणक व खोलींत लागणाऱ्या किरकोळ वस्तु यांवर, तीं त्याच्याच उपयोगासाठीं असल्यास, जकात पडत नाहीं. आमच्या बहुतेक मुलांचें काम एवढ्यानेंच भागतें.

घोटाळा होतो तो भेटवस्तूंच्या बाबतींत. सोबत आणलेल्या इतर वस्तूंना, त्या स्वतःसाठीं किंवा भेट देण्यासाठीं असतील तर, ३९० पौंडांपर्यंत माफी आहे. समजा, मावशीच्या मुलीच्या लग्नासाठीं आईनें ५०० पौंडांची एक बांगडी मुलाबरोबर धाडली. पुष्कळांचा समज असा कीं, कर वरच्या ११० पौंडांवरच पडेल. तसें नाहीं, एकच वस्तु मर्यादेपलीकडची असली तर तिच्या सबंध किंमतीवर कर पडतो. दोघां भावांनीं आपापली माफी एकत्र करून ती सोडवावी म्हटलें तर तेंही चालत नाहीं. शिवाय किंमत व जकात यांच्या बेरजेवर व्हॅट नांवाचा कर शेंकडा २० प्रमाणें बसतो. म्हणजे या बांगडीवर तोच निदान १०० पौंड झाला. तो भरावयाची तयारी नसेल तर बांगडी पाठवूं नये. आमच्या ऐकण्यांत असें येतें कीं, ती हातांत घालून खुशाल हिरव्या वाटेनें जावें, असा सल्ला वडीलधारी माणसेंच देतात. विमानतळावर हिरवी वाट ‘सांगण्यासारखें कांहीं नाहीं’ म्हणणाराची व तांबडी ‘आहे’ म्हणणाराची. हिरव्या वाटेनें पाऊल टाकणें हेंच निवेदन समजलें जातें. तें खोटें ठरलें तर वस्तु जप्त होते, खटलाही होऊं शकतो, व परक्या देशांत पहिल्याच दिवशीं मुलाच्या नांवावर डाग पडतो. वीस वर्षांच्या मुलावर असला भार टाकूं नये, असें आमचें मत आहे. स्वतःचे दागिने नेणारानें निघतांना आपल्या विमानतळावरील जकात अधिकाऱ्याकडून निर्यातीचें प्रमाणपत्र घ्यावें. परत येतांना ते येथूनच नेले होते हें त्यावरून सिद्ध होतें.

खाण्याच्या जिनसांचा नियम अगदीं वेगळ्या भीतींतून निघाला आहे. तेथें जकात किती हा प्रश्नच नाहीं. जिन्नस आंत येऊं द्यावा कीं नाहीं एवढाच प्रश्न आहे. २००१ सालीं ब्रिटनमध्यें गुरांच्या लाळ-खुरकत रोगाची साथ पसरली व ती थोपविण्यासाठीं साठ लाखांहून अधिक जनावरें मारावीं लागलीं. असले रोग मांस व दूध यांच्या पदार्थांबरोबर येऊं शकतात. म्हणून भारतांतून जाणाऱ्या प्रवाशाला ते नेण्याची मनाई आहे. युरोपांत हा रोग पुन्हा दिसतांच २०२५ च्या एप्रिलांत ब्रिटननें युरोपीय संघांतील देशांच्या प्रवाशांसही तीच मनाई केली, तेव्हां ही वागणूक आपल्यापुरती आहे असें मानूं नये. घरचें साजूक तूप, पेढे, खवा, मटणाचें लोणचें हें सारें घरींच ठेवावें. मसाले, पापड, कैरीचें लोणचें, तेलांतला चिवडा यांना ही मनाई लागू नाहीं. सुक्या मासळीला वेगळा नियम असून वजनाची मर्यादा आहे. ताज्या फळांविषयीं कोंकणांतील वाचकांस आठवतच असेल कीं, फळमाशी आढळल्यामुळें १ मे २०१४ पासून युरोपीय संघानें आपल्या आंब्यांवर बंदी घातली होती. ब्रिटन त्या वेळीं संघांतच होता. ती २०१५ मध्यें उठली.

राहतां राहिलें टपालाचें पार्सल. घरून धाडलेली खरीखुरी भेट ३९ पौंडांपर्यंतची असेल तर तिच्यावर व्हॅट नाहीं. पार्सलावरील जकातपत्रकांत ‘फराळ’ एवढेंच लिहून भागत नाहीं. करंजी, चकली, सदरा असा प्रत्येक जिन्नस, त्याचें वजन व खरी किंमत लिहावी. तुपाची मनाई टपालालाही आहे. किंमत मर्यादेबाहेर गेली तर कर व टपालखात्याची हाताळणावळ पार्सल घेणाराला द्यावी लागते, आणि ते पैसे भरीपर्यंत पार्सल तेथील टपालघरांतच पडून राहतें.